पहिलं तळं खणताय? मासे सगळ्यात शेवटी आणा

अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद जागा. ४५ सेंटीमीटर खोल खड्डा. ताशी १००० लिटरचा पंप आणून ठेवलाय, मीटरभर उंचीवरून छोटा धबधबा पाडायचाय, आणि पाणी भरलं की त्याच आठवड्यात सहा कोई (शोभेचे रंगीत मासे) सोडायचे. तुमचा बेत मी असा वाचला. खड्डा अजून खणलेला नाही हे फार बरं झालं, कारण यातली खोली, पंप, मासे आणि तो एक आठवडा, चारही बदला असं मी सांगणार आहे.

आठवड्यापासून सुरुवात करतो, कारण माझ्या पाहण्यात पहिल्या तळ्यातले मासे सगळ्यात जास्त तिथेच दगावतात. पाणी नितळ असतं, तळ दिसत असतो, पहिले चार दिवस मासे मजेत फिरतात. मग खाणं सुटतं, अंग आक्रसून कोपऱ्यात उभे राहतात, आणि माणूस रोगाचं औषध शोधायला लागतो. रोग नसतो, अमोनिया असतो. माशांच्या कल्ल्यांतून तो सतत पाण्यात उतरतो. फिल्टरमध्ये वस्ती केलेले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि दुसरे जीवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडांना हवाहवासा. या जीवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, पाणी थंड असेल तर त्याहून जास्त. पाणी नितळ दिसतं म्हणून ते मुरलेलं असतं असं नाही.

म्हणून पाणी भरा, पंप आणि फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, आणि मासे आणू नका. जीवाणूंना खाद्य हवं, त्यासाठी सुगंध किंवा साबण न मिसळलेला अमोनिया थोडा थोडा घाला, लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास. तो मिळाला नाही तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकून कुजू द्या, वेळ लागतो पण काम होतं. ओळखीत कोणाचं जुनं, निरोगी तळं असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा मागून आणा, ओलाच. त्याने आठवडे वाचतात.

थेंबांचं टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. अमोनियाच्या चाचणीत नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर आहे. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून दिवसाच्या उजेडात बघा. बल्बच्या पिवळ्या उजेडात हलका हिरवा हमखास पिवळा वाटतो. घातलेला अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दाखवत असेल, तर तळं तयार.

आता खोली. ४५ सेंटीमीटरला तुमच्या जागेत जास्तीत जास्त २२५० लिटर पाणी मावेल (२.५ × २ × ०.४५, गुणिले १०००). खोली ९० केलीत तर तीच जागा ४५०० लिटरची होते. भिंतींचा उतार आणि झाडांची पायरी वजा जाता ४००० धरा. उथळ पाणी दुपारी झपाट्याने तापतं आणि रात्री तितक्याच झपाट्याने निवतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. त्यात झाडं आणि शेवाळ रात्री प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. उजाडताना मासे पृष्ठभागाशी तोंडं वर करून धापा टाकत असतील तर त्यांना भूक लागलेली नाही, श्वास अपुरा पडतोय. तेव्हा खायला घालू नका, एअर पंप लावा. खोल पाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे बगळ्याला उभं राहायला जागा मिळत नाही. झाडांच्या कुंड्यांसाठी एका बाजूला २५-३० सेंटीमीटरवर अरुंद पायरी ठेवा, बाकी भिंती जवळजवळ सरळ उतरवा.

पण घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर आधी कुंपण किंवा पाण्याच्या पातळीच्या वर भक्कम जाळी, मग खोदाई. यात तडजोड नको. मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

जागा निवडताना मोठं झाड टाळा: पानं कुजतात, मुळं लायनर (पाणी झिरपू नये म्हणून खड्ड्यात अंथरायचं अस्तर) फाडतात. अंगणातली सगळ्यात सखल जागाही टाळा. मोठा पाऊस झाला की बागेतली खतं आणि फवारलेली औषधं वाहत तिथेच येतात. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ५ ते १० सेंटीमीटर उंच आणि सगळीकडून एका पातळीत हवा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी तपासा, डोळ्यांवर विसंबू नका. पाणी भरल्यावर एका बाजूला तीन बोटं लायनर उघडं पडलं की ते कायमचं डोळ्यांत खुपतं.

सिमेंटची टाकी की लायनर? पहिल्या तळ्याला लायनर, आणि जमलं तर १ मिलिमीटर जाडीचं ईपीडीएम रबर. ते कोपऱ्यांत नीट बसतं. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) ९ च्या वर जातो. तेव्हा टाकी कित्येकदा भरून उपसावी लागते किंवा आतून लेप द्यावा लागतो. आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो, म्हणजे वरची सगळी मेहनत अवघड. लायनरचं माप असं: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांना ३०-३० सेंटीमीटर. तुमच्यासाठी २.५ + १.८ + ०.६ = ४.९ मीटर, आणि रुंदीला २ + १.८ + ०.६ = ४.४. पाच बाय साडेचारचा तुकडा घ्या. खाली जिओटेक्स्टाइलचं जाड अस्तर घालाच. त्याआधी खड्ड्यातून उघडा हात फिरवा, बोटाला जो खडा टोचेल तो लायनरलाही टोचणार आहे.

पंपावरचा ताशी १००० लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. खोक्यावर कमाल उंची बघा. ती सव्वा मीटर असेल तर मीटरभर वर जेमतेम धार येईल. पूर्ण तळं दोन तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे धबधब्याच्या उंचीवर ताशी किमान २००० लिटर. पंप चोवीस तास चालणार, तेव्हा किती वॉट खातो तेही बघा. फिल्टरमध्ये आधी घाण अडवणारा ब्रश किंवा स्पंज, त्यानंतर जीवाणूंसाठी सच्छिद्र माध्यम. यूव्ही दिवा हिरवं पाणी साफ करतो, पण भिंतीला धरलेलं लांब तंतूंचं शेवाळ त्याने जात नाही. विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, दर वेळी.

फिल्टर नळाखाली कधीच धुऊ नका. क्लोरीनने जीवाणू मरतात. तळ्यातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज पिळा. क्लोरीनचा धडा मला माशांनी दिला. पातळी थोडी उतरली होती, म्हणून मी नळाचा पाइप तळ्यात सोडला आणि कामात विसरलो. सकाळी तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि सात गोल्डफिश आडवे तरंगत होते. त्यातला पांढरट शेपटीचा एक चार वर्षं माझ्या हातून खात होता. तेव्हापासून पाइप सोडला की मी घड्याळ लावतो आणि क्लोरीन काढणारं द्रावण आधी घालतो. पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवलं तर साधा क्लोरीन उडून जातो, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो तसा जात नाही.

कोईंचा मोह मला कळतो. पण कोई ६० सेंटीमीटरच्या पुढे जातात, आणि पूर्ण वाढलेल्या सहा कोईंसाठी तुमची जागा कितीही खोल केली तरी अपुरीच. सडपातळ बांध्याचे आठ गोल्डफिश ठेवा, तेही २०-२५ सेंटीमीटरचे होतात. गोलमटोल, लांब पंखांचे प्रकार त्यांच्यात मिसळू नका, बिचाऱ्यांना खाद्य मिळत नाही. डासांच्या अळ्या मासे संपवतात, त्यासाठी वेगळं काही करायला नको. कुमुदिनी लावा, निम्मं पाणी सावलीत आलं की शेवाळ आवरतं. जलपर्णी घेतलीत तर उपसत राहा, आणि उपसलेली झाडं किंवा नकोसे मासे ओढ्यात, नदीत टाकू नका.

मासे आणाल तेव्हा आधी तीनच आणा. शक्य असेल तर तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पिशवी वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्या, मग तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घाला, आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका. पहिला महिना दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य, आणि दिवसाआड चाचणी.

पंप परत करता येत असेल तर उद्याच करून टाका. लायनर मागवण्याआधी खड्ड्याची खरी मापं आणि नळाच्या पाण्याचा पीएच कळवा, मी मापं पुन्हा तपासून सांगतो.