नाव नसलेलं लेबल

प्रश्न : रविवारी जुन्या बाजारात ‘कोलोसियम’ या ब्रिटिश बँडची ‘व्हॅलेंटाइन सूट’ ही एलपी मिळाली. एका बाजूच्या लेबलवर गाण्यांची नावंच नाहीत, नुसती काळी-पांढरी वर्तुळं. तबकडी नकली आहे का? आणि हा बँड पुढे कुठे गेला?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नावं नाहीत म्हणून घाबरू नका. ‘व्हर्टिगो’ कंपनीची सुरुवातीची लेबलं अशीच असत. दोन्ही बाजूंची नावं दुसऱ्या बाजूला छापलेली सापडतील. व्हर्टिगो म्हणजे भोवळ. तबकडी फिरू लागली की लेबलाकडे बघा, नजर आत ओढली जाते. १९६९ साली या कंपनीची पहिली एलपी निघाली ती हीच. आणि हो, नावातल्या ‘सूट’चा उच्चार ‘स्वीट’ : एकामागून एक गुंफलेल्या रचनांची मालिका.

बँड उभा केला ड्रमर जॉन हाइसमनने, १९६८ मध्ये. तो, सॅक्सोफोनवाला डिक हेकस्टॉल-स्मिथ आणि बेसवरचा टोनी रीव्ह्ज आधी ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या बँडमध्ये एकत्र वाजवत होते. कीबोर्डवर डेव्ह ग्रीन्स्लेड. हेकस्टॉल-स्मिथ टेनर आणि सोप्रानो असे दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून वाजवायचा. ऐकताना मला सनई-चौघड्याची आठवण येते, सूर भरून येतो तसा.

तुमच्या तबकडीची अख्खी दुसरी बाजू म्हणजे ती मालिका, तीन भागांची. डेक्कनवरच्या मित्राच्या खोलीत मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मधेच लाइट गेले, तबकडी हळूहळू मंदावत थांबली. लाइट आल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून लावली. मधून उचलायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

१९७१ च्या अखेरीस बँड मोडला. हाइसमनने ‘टेम्पेस्ट’ काढला, ग्रीन्स्लेडने स्वतःच्या आडनावाचा बँड. नंतर आलेला गिटारवाला क्लेम क्लेम्पसन ‘हम्बल पाय’मध्ये गेला आणि गायक क्रिस फार्लो ‘अटॉमिक रूस्टर’मध्ये. जेमतेम तीन वर्षं, तरी मला ती अपुरी वाटत नाहीत. १९९४ मध्ये ही मंडळी पुन्हा एकत्र आली. हाइसमन २०१८ मध्ये गेला.

सुई नवी नसेल तर आधी बदला. मग सलग ऐका, दुसरी बाजू.