‘फुकटचं नको’ म्हणणाऱ्या बाबांना समजवायचं कसं?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगते. मुलगा 19 वर्षांचा, कला शाखेतून बारावी, 71 टक्के. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रातांधळेपणा होता, आता दिवसाही बाजूचं दिसत नाही, समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. पुण्यातली एक संस्था सहा महिन्यांचं संगणकाचं आणि नोकरीचं प्रशिक्षण देते. राहणं, जेवण, शिकणं सगळं मोफत. खर्च देणगीदार आणि एक कंपनी उचलते. बाबांचं म्हणणं, ‘आपल्या घरात कुणी कुणापुढे हात पसरलेला नाही. दानावर शिकलेलं पोर जन्मभर दानावरच जगेल. त्यापेक्षा दुकानात बसू दे.’ दीर म्हणतात, सरकारी नोकरीत आरक्षण आहे, घरी बसून अभ्यास करू दे. तुमची भीती तिसरीच आहे: एवढ्या लांब पाठवून तिथे त्याला मेणबत्त्याच वळायला लावल्या तर?

बाबांपासून सुरुवात करते, कारण कराडातून पुण्याची एसटी पकडायची की नाही हे त्यांच्यावरच अडलं आहे. त्यांचा राग मला परका वाटत नाही. लेकाला कुणी ‘बिच्चारा’ म्हणू नये यासाठी माणूस काय काय सोडायला तयार होतो, ते मी या कामात खूप पाहिलं आहे. पण देणगीचा पैसा नेमका कुठे जातो, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मागे एका प्रशिक्षण केंद्रात मी सकाळी लवकर पोचले होते. फाटकातून एक मुलगी पांढरी काठी घेऊन निघाली. काठीचं टोक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. फूटपाथवर एक मोटरसायकल आडवी लावलेली होती. काठी चाकाला लागली, ती थांबली, हाताने सीट चाचपली, वळसा घालून पुढे गेली. तिच्या दहा पावलं मागे एक शिक्षक चालत होते. बोलत नव्हते, हात पुढे करत नव्हते. बसथांब्यापर्यंत असंच. थांब्यावर तिने शेजारच्या बाईंना बसचा नंबर विचारला, तेव्हा शिक्षकांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. परत आल्यावर मला म्हणाले, ‘आज तिसावा दिवस. पुढच्या आठवड्यात मी येणार नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.’

त्या शिक्षकांचा पगार देणगीतून येत होता. ही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही, ताई. कराडात चांगला इंग्रजीचा क्लास मिळेल, टॅलीचा मिळेल. पण न दिसणाऱ्या माणसाला एकट्याने रस्ता ओलांडायला शिकवणारा, महिनाभर एकाच विद्यार्थ्यामागे चालणारा माणूस फी घेऊन परवडत नाही. म्हणून तो खर्च कुणीतरी आधी करून ठेवावा लागतो. बाबांनी दुकान काढलं तेव्हा पहिला माल कुणी तरी उधारीवर दिलाच असेल. त्या उधारीमुळे त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही.

दुसरं उदाहरण तर तुमच्या मुलाच्या रोजच्या कामाचं आहे. संगणकाच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. विकतचा घ्यायचा तर तो बऱ्याच घरांच्या आवाक्याबाहेर असतो. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने स्वतःच एक स्क्रीन रीडर बनवायला घेतला. पुढे जेम्स टेह हा त्याचा मित्र सोबत आला, तोही अंध. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. त्यांनी ना-नफा संस्था काढली आणि एनव्हीडीए हा प्रोग्रॅम जगाला फुकट दिला. तो आजही देणग्या आणि अनुदानांवर चालतो, आणि मराठीही वाचतो. आज कितीतरी अंध तरुण बँकेत, कॉल सेंटरमध्ये, शाळेत याच प्रोग्रॅमवर काम करून पगार घेतात. त्यांना कुणी ‘दानावरचा कारकून’ म्हणत नाही. (पुण्याला जायचं ठरो न ठरो, घरच्या संगणकावर तो आजच उतरवून घ्या. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीच असतं, सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करायचं. पहिले चार दिवस डोकं उठेल, मग कान सरावतो. सरावलेली मुलं इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला त्यातला एक शब्द कळत नाही.)

आता कंपनीचं. बाबांनी विचारलंय, ‘कंपनी काय उगाच पैसे देते?’ उगाच नाही देत. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात, ज्याला आपण सीएसआर म्हणतो. तो कशावर करता येईल याची यादी कायद्याला जोडलेली आहे आणि अपंग व्यक्तींना रोजगाराचं कौशल्य शिकवणं त्या यादीत आहे. त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती बाबांना आवर्जून वाचून दाखवा. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च कंपनीला सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला शिकवण्याचा खर्च त्या पैशातून होईल, पण उद्या त्याच कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं तर पगार मात्र धंद्याच्या पैशातून द्यावा लागेल. दान कारखान्याच्या फाटकापर्यंत येतं. फाटकाच्या आत जे मिळतं ते कामाचं मिळतं.

बाबांना कागदावरचं पटत नसेल तर एक दिवस दुकान बंद ठेवून कोल्हापूरला घेऊन जा. नसीमादीदी हुरजूक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ऐन तरुणपणी कमरेखालचं शरीर लुळं पडलं, चाकाची खुर्ची आली. पुढे त्यांनी केंद्र सरकारच्या सीमाशुल्क आणि अबकारी खात्यात नोकरी केली आणि 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं काम मुख्यतः हातापायांच्या अपंगत्वाचं आहे, त्यामुळे तुमच्या मुलाच्या प्रशिक्षणासाठी मी तिथे पाठवत नाही. बाबांनी पाहावं म्हणून पाठवते. याच संस्थेने सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योग उभारला, तिथे अपंग कामगार काम करतात. शेड आणि यंत्रं उभी करायला समाजाचे पैसे लागतात. पण काजू घेणारं गिऱ्हाईक डबा उघडून काजू बघतं, तुकडा असला तर तोंड वाकडं करतं. दुकानदार माणसाला यातला फरक मी सांगायची गरज नाही.

आणि प्रांजल पाटील. उल्हासनगरची मुलगी, लहानपणी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकली. ही शाळा 1900 साली मिशनरी बाईंनी सुरू केली, दात्यांच्या आधाराने इतकी वर्षं चालली. प्रांजल यूपीएससी पास झाली तेव्हा रेल्वेच्या सेवेत तिला दृष्टीचं कारण देऊन नाकारलं. ती पुन्हा परीक्षेला बसली, 124 वा क्रमांक काढून आयएएस झाली आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. तुमच्या मुलाने असंच काही करून दाखवावं, असं ओझं मी त्याच्यावर टाकत नाही, तुम्हीही टाकू नका. बाबांचं ‘जन्मभर दानावर जगेल’ हे वाक्य खोडायला हे एक उदाहरण पुरे आहे, एवढंच.

आता तुमची भीती. ती खरी आहे आणि मी ती स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. या कामात नवीन असताना एका कमी दिसणाऱ्या मुलाला मी एका संस्थेत पाठवलं. इमारत छान, भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या. दोन वर्षांनी भेटायला गेले तर तो कागदी पिशव्या चिकटवत होता. दोन वर्षं तेच. दिवाळीत प्रदर्शन भरायचं, पाहुणे यायचे, त्याच्यासोबत फोटो निघायचे, हातावर थोडंसं मानधन ठेवलं जायचं. त्याला संगणक शिकायचा होता, हे मला माहीत होतं. मी संस्थेला विचारायला हवं होतं आणि विचारलं नव्हतं. त्याच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही, ते जास्त लागलं. पिशव्या, मेणबत्त्या, पणत्या यांत कमीपणा काहीच नाही. ज्याला ते आवडतं, जमतं आणि ज्याला त्याचा नीट मोबदला मिळतो, त्याच्यासाठी ते चांगलंच काम आहे. पण त्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून पुण्याच्या संस्थेत जाल तेव्हा चहा घ्यायच्या आधी विचारा: मागच्या बॅचमधली किती मुलं नोकरीला लागली, आणि वर्षभरानंतर त्यातली किती टिकली? पहिला आकडा सगळे सांगतात. दुसरा आकडा जी संस्था वहीत बघून सांगेल ती कामाची. कारण खरी अडचण नोकरी लागल्यानंतर सुरू होते: ऑफिसच्या संगणकात स्क्रीन रीडर घालू देत नाहीत, साहेबांना त्याच्याशी कसं बोलायचं कळत नाही, कँटीनचा रस्ता सापडत नाही, सगळे जेवायला जातात आणि हा जागेवर बसून राहतो. अशा वेळी संस्थेचा माणूस ऑफिसात जाऊन बसतो का, किती महिने जातो, हे विचारा. चालण्याचं प्रशिक्षण देणारा शिक्षक आहे का ते विचारा. जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-तिघांशी बोलायला मिळेल का ते विचारा आणि ते बोलणं मुलाला स्वतःला करू द्या, तुम्ही बाहेर थांबा. फोटोंचंही विचारा. देणगीच्या मोठ्या चेकमागे उभं राहायचं की नाही, हे तुमच्या मुलाने ठरवायचं. ‘नाही’ म्हटल्यावर संस्थेचा चेहरा कसा होतो तेही बघा.

दीरांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत आणि त्यातला 1 टक्का अंध आणि अंशतः अंध उमेदवारांसाठी आहे. त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या पत्रात यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, उल्लेखच नाही. काढलं नसेल तर आधी ऑनलाइन अर्ज करा आणि साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी करून घ्या. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, एसटीची सवलत, सगळ्याचं मूळ त्या कार्डात आहे. पण ‘घरी बसून अभ्यास’ यातलं ‘घरी बसून’ मला मान्य नाही. परीक्षेचा फॉर्म भरण्यापासून प्रश्नसंच वाचण्यापर्यंत सगळं संगणकावर आहे, आणि उद्या पोस्टिंग भलत्याच तालुक्याला आलं तर बसस्टँडपासून कचेरीपर्यंत काका सोडायला येणार आहेत का? सहा महिने शिकून मग तीच परीक्षा द्यावी. पुण्यात राहून पदवीही बाहेरून करता येईल.

दुकानाबद्दलही मी नाक मुरडत नाही. उलट सहा महिन्यांनी तो म्हणाला, ‘मला दुकानच चालवायचंय,’ तर मला आनंदच होईल. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं अ‍ॅप 2020 पासून आहे, इंटरनेट नसतानाही चालतं. बिलं, उधारीची वही, होलसेलवाल्याची ऑर्डर, सगळं तो स्क्रीन रीडरवर करू शकेल. आज तो दुकानात बसला तर गल्ल्याशेजारी नुसता ‘बसवलेला’ असेल. शिकून आला तर गल्ला त्याचा असेल. गिऱ्हाइकांना हा फरक पहिल्या दिवशी कळतो.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. तुम्ही लिहिलंय, ‘अजून दिसतंय तोवर काठी नको, लोक काय म्हणतील.’ ताई, दिसतंय तोवरच काठी हवी. थोडी दृष्टी असताना हात आणि कान तयार झाले तर पुढचा बदल त्याला कमी जड जाईल. आत्ता काठी नाही म्हणून तो संध्याकाळी सात नंतर घराबाहेर पडत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. एकोणिसाव्या वर्षी.

बाबा अजूनही तयार झाले नाहीत तर त्यांना मला फोन करायला सांगा, नंबर तुम्हाला वेगळा कळवला आहे. माझ्याशी भांडले तरी चालेल. संस्था हो म्हणत असेल तर मुलासोबत त्यांनाच पाठवा, तुम्ही मागे राहा. एक दिवस त्यांनी वर्गात मागे बसून बघावं. मग फुकटाचं काय, घामाचं काय, ते स्वतः ठरवतील.

आणि जायचं ठरलं तर त्याची बॅग तुम्ही भरू नका. वेळ लागेल, शर्टाची घडी मोडेल, एखादी गोष्ट राहून जाईल, राहू दे. कुठल्या कप्प्यात काय आहे ते त्याच्या हाताला माहीत असायला हवं. पुण्याला पोचल्यावर पहिल्या रात्री ब्रश शोधायला त्याला कुणाला हाक मारावी लागणार नाही.

तुमची,
मार्गदर्शक ताई