यादी पाठ आहे, मग मंचावर अक्षर का चुकते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे शालेय स्पेलिंग बी स्पर्धेच्या, म्हणजे उच्चार ऐकून इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग मंचावर तोंडी सांगण्याच्या स्पर्धेच्या, तयारीविषयी होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील पाच येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत असून दीड महिन्यानंतर तिच्या शाळेत स्पेलिंग बी आहे. शाळेने दिलेली शब्दांची यादी ती रोज तासभर वाचते आणि प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा लिहून काढते. यादीच्या क्रमाने विचारले तर सगळे बरोबर सांगते, पण मधलाच एखादा शब्द विचारला की अडखळते. तिची पद्धत चुकते आहे का?

उत्तर : मेहनतीत काही उणे नाही, परंतु ती भलत्या कामावर खर्च होत आहे. यादी वाचताना शब्द डोळ्यांसमोर असतो आणि तो फक्त ओळखायचा असतो. स्पर्धेत मात्र समोर काहीच नसते, कानावर एक उच्चार पडतो आणि त्यावरून एकेक अक्षर आठवून सांगायचे असते. ओळखण्याचा कितीही सराव केला तरी त्यातून आठवणे आपोआप जमत नाही. पाच-पाच वेळा लिहिण्याचेही तसेच आहे. पहिल्यांदा लिहिताना थोडाफार विचार होतो, उरलेल्या चार वेळा वरच्या ओळीची नक्कल होते. क्रमाने विचारल्यावर उत्तर बरोबर येते, कारण तेथे आधीचा शब्द पुढच्या शब्दाची आठवण करून देत असतो.

म्हणून यादीतील शब्द चिठ्ठ्यांवर लिहून त्या मिसळून टाकाव्यात. घरातील कोणीही चिठ्ठी उचलून शब्द स्पष्ट उच्चारावा आणि मुलीने उभे राहून तो मोठ्याने, अक्षर-अक्षर सुटे करत सांगावा. चूक झाली तर उत्तर लगेच दाखवावे, पण तिच्याकडून तोच शब्द तेथल्या तेथे दहा वेळा घोकून घेऊ नये. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी, नंतर तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा विचारावा. मध्ये कोठे चुकला तर त्याची फेरी पहिल्यापासून सुरू करावी. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून एवढे ठाऊक आहे की पाठ केलेल्या गोष्टींचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि थोड्या-थोड्या अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते.

यापुढचे काम मुलीने एकटीने करायचे आहे, आणि माझ्या मते तयारीचा खरा कस तेथे लागतो. चुकलेल्या शब्दांची वही बहुतेक मुले ठेवतात, परंतु तीत नुसते शब्द उतरवतात. चुकतो तो अख्खा शब्द नसतो, त्यातील एखादेच अक्षर असते. ते अक्षर लाल शाईने अधोरेखित करून शेजारी चुकीचे कारण एका ओळीत लिहायला सांगा. आठवडाभरात तुमच्या लक्षात येईल की चुका चाळीस असल्या तरी कारणे तीन-चारच आहेत.

त्यांतील सर्वांत मोठे कारण म्हणजे इंग्रजीतील अस्पष्ट स्वर. शब्दाच्या ज्या भागावर उच्चारताना जोर नसतो त्यातील ए, ई, आय, ओ या सगळ्यांचा उच्चार मिळमिळीत ‘अ’सारखा होतो आणि नेमके कोणते अक्षर आहे हे कानाला कळत नाही. आपली मुले शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून पाठ करतात, त्यामुळे ही अडचण आणखी वाढते. ‘ग्रामर’ असे लिहिले की शेवटी ए-आर आहे की ई-आर, ही खूणच पुसली जाते. यावर उपाय असा की त्याच शब्दाच्या कुळातील असा शब्द शोधावा, ज्यात तो स्वर स्पष्ट ऐकू येतो. ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणून पाहिले की ‘ग्रामर’मधला दुसरा ए समोर येतो. ‘कॉम्पिटिशन’मध्ये पी नंतर काय, असा प्रश्न पडला तर ‘कम्पीट’ म्हणून पाहावे, तेथे ई स्वच्छ ऐकू येते. ‘डेफिनिट’च्या शेवटी मुले हटकून ए-टी-ई लिहितात, त्यात ‘फायनाइट’ दडला आहे हे एकदा दाखवले की आय-टी-ई पक्के होते. अनुच्चारित अक्षरांनाही हीच युक्ती लागू पडते. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये, ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये आणि ‘कंडेम’च्या शेवटचा एन ‘कंडेम्नेशन’मध्ये बोलू लागतो.

‘सेपरेट’, ‘कॅलेंडर’ आणि ‘सेमेटरी’ यांना असा हाताशी नातेवाईक सहज सापडत नाही. असे शब्द सरळ पाठ करावेत. ‘सेपरेट’मध्ये पी नंतर ए, ‘कॅलेंडर’च्या शेवटी ए-आर, आणि ‘सेमेटरी’त तिन्ही ठिकाणी ई.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील राष्ट्रीय स्पेलिंग बीच्या अंतिम टप्प्यात पोहोचलेल्या मुलांची पाहणी केली. तीत एकट्याने बसून शब्दांवर केलेला अभ्यास हा, दुसऱ्याकडून प्रश्न विचारून घेणे किंवा आवडीने अवांतर वाचन करणे यांपेक्षा यशाशी अधिक जोडलेला आढळला, आणि मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटणारा अभ्यासही तोच होता. तेव्हा वही घेऊन बसल्यावर मुलीने नाक मुरडले तर ते साहजिक समजावे. रोज तासभराची सक्ती करण्याऐवजी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका ठेवल्या तर तिला ते झेपेल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. काही सहकारी म्हणतात की मुलांना लॅटिन-ग्रीक मूळ शिकवले की स्पेलिंग आपोआप येते. शाळकरी मुलांवर हे ओझे टाकणे मला पटत नाही. आपले मत काय?

उत्तर : ‘आपोआप’ या शब्दाशी मी सहमत नाही, परंतु ओझ्याची भीतीही मला अनाठायी वाटते. मुलांना लॅटिन शिकवायचे नसून पंधरा-वीस ओळखीचे तुकडे दाखवायचे आहेत, आणि तेही शब्द समोर आल्यावर. ‘अकॉमोडेट’चे उदाहरण घ्या. यात दोन सी आणि दोन एम आहेत, हे पाठ केलेले मूल परीक्षेत नेमकी एक जोडी गाळते. त्याऐवजी फळ्यावर शब्द फोडून दाखवावा. सुरुवातीला ‘अॅड’ हा लॅटिन उपसर्ग, त्यापुढे ‘कॉम’ आणि मग ‘मोड’. पुढे सी आल्यामुळे ‘अॅड’मधल्या डी चा सी झाला, म्हणून दोन सी, ‘कॉम’चा एम आणि ‘मोड’चा एम शेजारी आले, म्हणून दोन एम. संस्कृतातील उत् आणि लास मिळून उल्लास होतो हे ज्या मुलांना मराठीच्या तासाला शिकवलेले असते, त्यांना हा प्रकार जराही परका वाटत नाही. ‘इलीगल’मधले दोन एल, ‘इमॅच्युअर’मधले दोन एम आणि ‘इरेग्युलर’मधले दोन आर याच नियमाने आलेले आहेत.

ग्रीक शब्दांची चाहूल ‘फ’साठी पी-एच, ‘क’साठी सी-एच आणि ‘इ’साठी वाय यांवरून लागते. फ्रेंच शब्दांत सी-एच चा उच्चार ‘श’ होतो आणि शेवटी ‘ओ’ ऐकू आला तर ई-ए-यू असण्याचा संभव असतो. इटालियनमधून आलेल्या शब्दांत जोडव्यंजने भरपूर असतात. एवढे माहीत असलेले मूल न पाहिलेल्या शब्दालाही निदान विचारपूर्वक सामोरे जाते. शेवटी ‘सीड’ असा उच्चार असलेल्या क्रियापदांचा एक छोटा गट तर एका तासात शिकवून होतो. ‘एक्सीड’, ‘प्रोसीड’ आणि ‘सक्सीड’ यांच्या शेवटी सी-ई-ई-डी येते, केवळ ‘सुपरसीड’च्या शेवटी एस-ई-डी-ई येते आणि ‘प्रिसीड’, ‘रिसीड’, ‘कन्सीड’ अशा बाकीच्यांच्या शेवटी सी-ई-डी-ई. ‘सुपरसीड’ वेगळा पडण्याचे कारणही सांगावे, कारण ते एकदा ऐकले की मुले विसरत नाहीत. त्याचे मूळ ‘बसणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, इतरांचे ‘जाणे’ या अर्थाच्या क्रियापदात.

मात्र मुळावर आंधळा विश्वासही नको. ‘डेट’, म्हणजे कर्ज, या शब्दातला बी कधीच उच्चारला जात नव्हता. लॅटिन मुळाची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजातून आला आहे, कारण त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा ज्या लॅटिन शब्दाशी संबंध जोडला गेला, त्याच्याशी त्याचे काही नाते नव्हते. अशा शब्दांच्या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. नियम शोधत बसू नये.

प्रश्न : मी सातवीत शिकते. घरी मला सगळे येते, पण मंचावर गेले की घाई होते. गेल्या वर्षी शब्द नीट ऐकू आला नव्हता, तरी विचारायची लाज वाटली आणि मी बाद झाले. पुन्हा विचारले तर गुण कमी होतात का?

उत्तर : बहुतेक स्पर्धांत शब्द पुन्हा विचारता येतो, त्याचा अर्थ, तो नाम आहे की क्रियापद, तो कोणत्या भाषेतून आला आणि वाक्यात कसा वापरतात हेही विचारता येते, आणि त्यासाठी गुण कापले जात नाहीत. तुझ्या शाळेचे नियम मात्र आधीच विचारून ठेव. अर्थ विचारणे हा काही स्पर्धकांना वेळकाढूपणा वाटतो, पण काही शब्दांत त्याशिवाय उत्तरच देता येत नाही. ‘स्टेशनरी’ हा उच्चार ऐकल्यावर तो ‘स्थिर’ या अर्थाचा असेल तर ए-आर-वाय आणि लेखनसाहित्य या अर्थाचा असेल तर ई-आर-वाय. ‘प्रिन्सिपल’चेही असेच दोन शब्द आहेत. केवळ आवाजावरून त्यांतला कोणता हे परीक्षकालाही सांगता येणार नाही.

शब्द ऐकलास की आधी तो स्वतः मोठ्याने उच्चार. तू चुकीचे ऐकले असशील तर शब्द देणारी व्यक्ती तेथेच दुरुस्त करील. मराठीभाषकांनी हे विशेष सांभाळावे, कारण व्ही आणि डब्ल्यू हे दोन्ही आपण अनेकदा सारख्याच ‘व’ने बोलतो. व्ही ने सुरू होणारा बुरख्याचा ‘व्हेल’ आणि डब्ल्यू ने सुरू होणारा आक्रोशाचा ‘वेल’ यांत मग गोंधळ उडतो. उच्चारानंतर एक श्वास घे, हवे तर तळहातावर बोटाने शब्द लिहून पाहा आणि मगच पहिले अक्षर सांग. एकदा तोंडातून गेलेले अक्षर सहसा बदलता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू देतात तेथेही आधी सांगितलेली अक्षरे तीच आणि त्याच क्रमाने यावी लागतात.

आणखी एक सवय आत्ताच तपासून घे. आपण सर्रास ‘डबल एल’, ‘डबल एस’ म्हणतो. काही ठिकाणी ते चालते, काही ठिकाणी चालत नाही, शिवाय घाईत ‘डबल’ म्हटल्यावर पुढचे अक्षर निसटते. दोन्ही अक्षरे सुटी म्हणण्याचा सराव ठेवलास तर कोणत्याही नियमात अडचण येणार नाही. लाजेचे म्हणशील, तर घरच्या सरावातही प्रत्येक शब्दाला निदान एक प्रश्न विचारत जा. मंचावर तो प्रश्न जिभेवर आपसूक येईल.

प्रश्न : अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धेची चित्रणे आम्ही मुलासोबत पाहतो. तेथील मुले अगदी अनोळखी शब्द सांगतात. चौथीतल्या मुलाकडून असे शब्द आतापासून करून घ्यावेत का?

उत्तर : पाहावे जरूर, करून घेऊ नयेत. ती स्पर्धा 1925 पासून चालू आहे आणि पहिल्या वर्षीचा विजयी शब्द ‘ग्लॅडिओलस’ हे एका फुलाचे नाव होते. 1985 मध्ये बालू नटराजन हे भारतीय वंशाचे पहिले विजेते ठरले, तेव्हाचा शब्द ‘मिल्यू’ हा होता. आज असे शब्द तेथे सोपे समजले जातील. 2019 मध्ये तर आठ मुले एकाच वेळी विजेती घोषित झाली, कारण त्यांना अडवतील असे शब्द आयोजकांजवळ पुरेसे उरले नव्हते. त्या पातळीवरची मुले अनेक वर्षांचा पाया घेऊन तेथे पोहोचलेली असतात. चौथीच्या स्पर्धेत मुले बाद होतात ती ‘रिदम’, ‘नेसेसरी’ आणि ‘वीअर्ड’ यांसारख्या शब्दांवर. चित्रणे पाहताना शब्दांकडे लक्ष देण्याऐवजी ती मुले शब्द मिळाल्यावर काय-काय विचारतात आणि किती थांबतात याकडे मुलाचे लक्ष वेधा.

प्रश्न : ‘कलर’ आणि ‘सेंटर’ यांचे ब्रिटिश स्पेलिंग शिकवावे की अमेरिकी?

उत्तर : शाळेने कोणता शब्दकोश प्रमाण मानला आहे हे लेखी विचारून घ्यावे आणि सरावात तोच वापरावा. ओ-यू-आर ऐवजी ओ-आर आणि आर-ई ऐवजी ई-आर ही अमेरिकी रूपे रुळण्यात नोआ वेबस्टर यांच्या 1828 च्या शब्दकोशाचा मोठा वाटा आहे. ब्रिटिश रूपांइतकीच ती शुद्ध आहेत. काही स्पर्धांत दोन्ही स्वीकारतात, पण तसे नियमात लिहिलेले नसेल तर गृहीत धरू नये. पाठ्यपुस्तकात एक रूप आणि स्पर्धेच्या यादीत दुसरे असेल, तर अशा शब्दांची वेगळी चिठ्ठी करून तिच्यावर यादीतलेच रूप लिहावे.