लिंगबदल, लिंगपरिवर्तन की संक्रमण?

परळहून एका ताईंनी विचारलंय : भाची म्हणून वाढलेला त्यांचा भाचा आता हार्मोन्स घेतो आहे. नातेवाइकांना सांगताना 'लिंगबदल' म्हणायचं की 'लिंगपरिवर्तन'?

दोन्ही नको. 'बदल' अरबी, 'परिवर्तन' संस्कृत, एवढाच फरक, चूक तीच. आजच्या मराठीत 'लिंग' म्हटलं की अवयवच डोळ्यांपुढे येतो आणि समोरचा लगेच विचारतो, "झालं का ऑपरेशन?" बातम्यांनीही हीच खोड लावली आहे, आणि ती ऐकून ऐकून कान विटले. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे आपल्या लिंगओळखीप्रमाणे जगू लागण्यात, नाव, कपडे, सर्वनाम, कागदपत्रं, हार्मोन्स, शस्त्रक्रिया यांतलं काहीही येऊ शकतं, आणि सगळंच सगळ्यांना हवं असतं असं नाही. टेस्टोस्टेरॉनने आवाज फुटतो, दाढी येऊ लागते, पाळी सहसा थांबते. उलट, एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने बारीक होत नाही. ट्रान्स बायकांना त्यासाठी वेगळा सराव करावा लागतो. आणि ओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं.

तेव्हा ताईंनी सरळ 'ट्रान्झिशन चालू आहे' म्हणावं. मराठीच हवं तर 'संक्रमण'. हिंदीच्या नादाने त्याला रोगाचा वास लागलाय, पण आपल्याकडे रोगाचा तो संसर्ग. मकरसंक्रमणात रास बदलते, सूर्य तोच असतो.

आता मुद्द्याचं. 'लिंग' म्हणजे मुळात खूण! डोंगरावर धूर दिसला तर न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, तो धूर अग्नीचं 'लिंग'. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'लिगि चित्रीकरणे' (चितारणं) असा धातूच आहे. खूण वेगळी आणि खुणेने कळणारी वस्तू वेगळी, हे या शब्दातच आहे. माझं तर ठाम मत आहे की 'खूण' हा अर्थ बोलीत टिकला असता तर 'लिंगबदल' शब्दाने कुणाचं काही बिघडलं नसतं.

इथे काही भाषापंडित 'स्तनकेशवती स्त्री स्यात्' तोंडावर फेकतात : स्तन-केस असतील ती स्त्री, अंगावर लव असेल तो पुरुष, संपला विषय. श्लोक महाभाष्यातला, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या ग्रंथातला आहे, खरं. पण पुढचा भाग का गाळता? पतंजलीने तो खोडायलाच घेतलाय. खुणांवरून लिंग ठरवलं तर भ्रूकुंसाला, म्हणजे स्त्रीवेष घेणाऱ्या नटाला, स्त्रीप्रत्यय लावावा लागेल; आणि खट्वा (खाट), वृक्ष यांचं लिंग तर सिद्धच होणार नाही. वैयाकरणांना लौकिक, म्हणजे अंगाच्या खुणांवरून ठरणाऱ्या, लिंगावर विसंबता येत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. तोही शब्दांच्या लिंगाविषयी. अर्धा श्लोक काढून माणसांचा निकाल लावणं हे पांडित्य नव्हे.

नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला निव्वळ स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या मंडळींची अडचण मात्र खरी आहे : 'मी जातो' की 'मी जाते'? (कोल्हापूरकडे बायकाही 'मी जातो' म्हणतात, कुणाला खटकत नाही.) वाटा मराठीतच आहेत. 'मी जाईन', 'मला जायचंय', 'मी चहा घेतला' यांत बोलणाऱ्याचं लिंग उमटत नाही. अडतं ते 'गेलो-गेले'पाशी. तिथे 'माझं जाणं झालं' खुशाल म्हणावं.