काळी तीनचं नाव काय?

नाशिक

अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल मिळाली. शे-दीडशे कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांची नावं, प्रत्येकीपुढे तिचे स्वर, आणि सगळं संगणकाला वाचता येईल अशा रचनेत. मेहनत घेतली आहेस. तरी ही यादी आता वाढवू नकोस, एवढं सांगायला लगेच लिहायला बसलो. नावांची यादी कधी पुरी होत नाही. उद्या कुणी नववा स्वर घालेल, कुणी पाचवा गाळेल, की लागली तुला नवी ओळ. कॉर्ड कशाची बनली आहे ते लिही. नाव त्यावरून काढता येतं.

तुझा हात हार्मोनियमवर बसलेला आहे, म्हणून तिथूनच सांगतो. काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी घे. ती पांढरी दोनच्या मेजर कॉर्डमध्ये येते आणि काळी दोनच्या मायनरमध्येही. बोट त्याच जागी पडतं. पण पहिल्या कॉर्डमध्ये ती शुद्ध गंधार आहे, म्हणून तिला एफ-शार्प म्हणायचं. दुसरीत ती कोमल गंधार, म्हणून जी-फ्लॅट. तुझ्या फाइलमध्ये दोन्हीकडे मिडीचा, म्हणजे कोणती पट्टी वाजवायची ते संगणकाला सांगणारा, एकच आकडा आहे, ६६. वाजवायला तो पुरतो, पण त्या पट्टीचं मूळ स्वराशी नातं काय होतं ते त्या आकड्यातून परत मिळत नाही. आपल्याकडे पट्टीचं नाव वेगळं आणि सरगमचं वेगळं. एक जागा सांगतं, दुसरं नातं सांगतं. हा भेद तुझ्या कानात लहानपणापासून आहे, मग तो फाइलमध्ये का नाही?

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हार्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली कॉर्ड साध्या मजकुरात लिहिण्याची एक पद्धत मांडली. ती नीट बघ. आधी मूळ स्वर, मग अपूर्णविराम, मग कॉर्डचा प्रकार किंवा कंसात मूळ स्वरापासूनची अंतरं, आणि शेवटी तिरप्या रेघेनंतर बेसचा, म्हणजे सर्वांत खालचा स्वर. बेससुद्धा अंतरानेच लिहायचा. पुढे तिथल्याच मंडळींनी या पायावर आरडीएफ या वेबवर माहिती मांडायच्या पद्धतीत कॉर्डची ऑन्टॉलॉजी, म्हणजे संज्ञा आणि त्यांच्या नात्यांचा संगणकाला कळणारा आराखडा, बांधली. मला त्यातलं सर्वांत आवडतं ते हेच, की सगळं मूळ स्वराला बांधलेलं आहे. गाणारी ऐनवेळी म्हणाली, ‘आज काळी एक नको, पांढरी एक द्या,’ तर फक्त मूळ स्वर बदलायचा. पुढच्या एका अक्षरालाही हात लावावा लागत नाही.

प्रकारांची छोटी नावं ठेव, त्यांनी लिहिणाऱ्याची सोय होते. पण मेजरला मोठा एम आणि मायनरला छोटा एम, हे मात्र काढून टाक. भद्रकालीत एका गणेशोत्सवात मी की-बोर्डवर होतो. हाताने लिहिलेल्या कागदाची झेरॉक्स समोर होती, मंडपातला उजेड यथातथाच. सी मेजर सेव्हनच्या जागी मी सी मायनर सेव्हन वाजवला. गंधारही कोमल, निषादही कोमल. गाणाऱ्याने मान वळवून पाहिलं, ती नजर मला अजून आठवते. एका अक्षराच्या उंचीवर दोन स्वर अवलंबून ठेवायचे नाहीत, हे मी तेव्हापासून पाळतो.

खुणांवरही असाच विसंबू नकोस. माझी जुनी वही भातखंडे पद्धतीत आहे, कोमल स्वराखाली आडवी रेघ. भैरवाची सरगम टाइप करून मी एकाला मोबाइलवर पाठवली, तर साध्या मजकुरात रेघा गळून गेल्या आणि भैरवाचा बिलावल झाला. विष्णू दिगंबर पलुस्करांनी आपल्या नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला. त्यांच्या स्वरलिपीतल्या खुणा भातखंड्यांपेक्षा वेगळ्या, पण कोमल ऋषभ दोघांचा तोच. तुझ्या शब्दसंग्रहात तो ऋषभ असू दे. खूण कुठली काढायची ते छापणाऱ्या प्रोग्रॅमवर सोड.

शार्पसाठी लिहितात त्या हॅशचंही (#) तसंच आहे. प्रत्येक कॉर्डला वेबचा पत्ता देण्याची तुझी कल्पना उत्तम आहे. पण पत्त्यात हॅशच्या पुढे जे असेल ते ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. सी-शार्प मायनर मागितला तरी तिकडे नुसता सी पोचतो. शार्पसाठी एखादं अक्षर घे, एस चालेल.

आता अवघड जागा. पांढरी एक, तीन, पाच, सहा एकदम दाब. हा सी सिक्स की ए मायनर सेव्हन? पांढरी एकला सा मानलं तर सा, ग, प, ध. पांढरी सहाला सा मानलं तर सा, कोमल ग, प, कोमल नी. पट्ट्या त्याच चार. बेसला काय आहे आणि गाणं कुठून कुठे चाललंय यावर ऐकणारा ठरवतो, आणि दोन जाणकारांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. तुझ्या फाइलमध्ये प्रत्येक स्वरसमूहाला एकच नाव आहे. तिथे वाजलेले स्वर आणि कुणीतरी दिलेलं नाव हे दोन वेगळे रकाने हवेत, आणि नाव कुणी दिलं तेही लिहिलेलं हवं.

गंधार नसलेल्या कॉर्डला जबरदस्तीने मेजर किंवा मायनर करू नकोस. तानपुऱ्यावर सा आणि प एवढंच वाजत असेल, तर तेवढंच लिही. कॉर्ड नाही, आणि कॉर्ड आहे पण ओळखता आली नाही, या दोन गोष्टींनाही स्वतंत्र शब्द दे. रिकाम्या रकान्यातून यातलं काहीच कळत नाही.

गाण्यात तीच कॉर्ड बारा वेळा आली तर बारा कॉर्ड करू नकोस. कॉर्ड एकच, ती कधी सुरू झाली आणि कधी संपली याच्या नोंदी बारा. गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते अजून निराळं, त्याला सध्या हात लावू नकोस.

रविवारी घरी ये. लॅपटॉप नंतर उघडू. आधी मी पेटीवर चार पट्ट्या दाबतो, आणि तू मला त्याच कॉर्डच्या दोन नोंदी कागदावर लिहून दाखव.

तुझा,
सर