बटण स्टार्ट किट बसवताय? वायरिंगच्या आधी स्टिअरिंग लॉकचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी जुनी, मॅन्युअल गिअरची, किल्लीत चिप असलेली. तुम्ही घेतलेल्या किटमध्ये बटण स्टार्ट आहे, खिशातल्या रिमोटने आपोआप उघडणारी दारं आहेत आणि लांबून इंजिन सुरू करायची सोयही आहे. पण किटच्या कागदावरचे वायरचे रंग गाडीतल्या रंगांशी जुळत नाहीत, म्हणून काम अडलंय.

रंगांचा प्रश्न यातला सगळ्यात सोपा. कागदावरचे रंग बाजूला ठेवा आणि डिजिटल मल्टिमीटर घ्या. काळी पिन बॉडीच्या उघड्या बोल्टला लावा, लाल पिन इग्निशन स्विचच्या कनेक्टरमागून एकेका वायरला. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला हवा. किल्ली बंद असतानाही साडेबारा व्होल्ट दिसतात ती बॅटरीची थेट वायर, अशा दोन असू शकतात. किल्ली पहिल्या टप्प्याला फिरवली की जिवंत होते आणि सेल्फ मारताना शून्यावर येते ती अ‍ॅक्सेसरीची. फक्त सेल्फ मारतानाच जिवंत होते ती स्टार्टरची. खरी गफलत होते ती इग्निशनच्या दोन वायरींमध्ये. दोन्ही ऑनला जिवंत होतात, पण सेल्फ मारताना एक पडते आणि दुसरी टिकते. टिकणाऱ्या वायरचा आकडा दहा-अकरापर्यंत उतरेल, पण शून्य होणार नाही. या दोघींची अदलाबदल झाली तर सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन काही पकडत नाही, कारण नेमक्या त्या क्षणी इग्निशनला पुरवठाच नसतो. लोक मग किट खराब म्हणून परत करतात.

बल्बचा टेस्टर इथे वापरू नका. स्टिअरिंगखालून जाणाऱ्या पिवळ्या वायरी आणि पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात, त्यांना कशानेही डिवचायचं नाही. आणि स्विचमागच्या सगळ्याच वायरी बारीक असतील, म्हणजे तो फक्त कंप्युटरला सिग्नल देणारा असेल, तर रिलेवालं (बारीक करंटने जाड करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) हे किट तुमच्या गाडीसाठी नाही.

आता स्टिअरिंग लॉक. किटचे व्हिडिओ हा भाग दोन सेकंदांत उरकतात, आणि माझ्या मते सगळं काम यावरच अडून आहे. किल्ली काढली की कुलपाच्या नळीतली एक पिन मोकळी होते आणि स्टिअरिंग जरा वळवताच खटकन खाचेत बसते. इंजिन चालू आहे की बंद, हे त्या पिनेला कळत नाही. बटणाने इंजिन सुरू केलं, नळीत किल्ली नाही आणि पिन जागेवर आहे, तर पहिल्या वळणावर स्टिअरिंग जाम होऊ शकतं. म्हणून दोनच मार्ग उरतात: पिन कायमची काढणं, किंवा किल्लीचं पातं नळीत कायम ठेवणं. दोन्हींत कंपनीचं चोरीविरोधी कुलूप संपतं. पिन काढायची तर जाणकाराकडूनच काढून घ्या. "अर्धवट घासून ठेवली, आता अडकत नाही" असं कुणी म्हणालं तर ती गाडी रस्त्यावर आणू नका. आणि बदल्यात वेगळं गिअर लॉक बसवाच.

चिपचंही तसंच. नळीभोवतीची कॉइल किल्लीतली चिप वाचते, तेव्हाच इंजिन सुरू राहतं. किटवाले सांगतात की जादा किल्लीची चिप कॉइलजवळ चिकटवून टाका. काम होतं, पण त्या दिवसापासून इमोबिलायझर, म्हणजे चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, नावापुरता राहतो. चिप कायम जिवंत न ठेवता, किटने रिमोट ओळखल्यावरच तिचा सिग्नल कॉइलपर्यंत पोचवणारा बायपास मॉड्यूल मिळतो, तो घ्या. तुमच्या गाडीसाठी तो मिळत नसेल तर बटणाचा नाद सोडा, असंच मी म्हणेन.

लांबून इंजिन सुरू करायची वायर मात्र जोडूच नका, टोक इन्सुलेट करून बांधून ठेवा. मॅन्युअल गाडी आपण गिअरमध्ये उभी करतो. तशा गाडीचा सेल्फ लांबून फिरला तर ती उडी मारते, आणि समोर कोण उभं आहे हे रिमोटला माहीत नसतं. बंद गॅरेजमध्ये धुराचा धोका आहे तो वेगळाच. बटणासाठीही नुसत्या ब्रेकवर भागवू नका. स्टार्टरच्या ट्रिगरमध्ये क्लच स्विच घाला, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागणार नाही.

बरीच किटं "ब्रेक अधिक बटण" म्हणजे इंजिन बंद, असंच समजतात. चालत्या गाडीत ब्रेकवर पाय असताना बटणाला हात लागला तर इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग जड, आणि ब्रेक हलका करणारा बूस्टर दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच. वेग ओळखून बटण दुर्लक्षित करणारं, पण काही सेकंद दाबून धरलं तर बंद करणारं किट चांगलं. तुमचं कसं वागतं ते मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, तपासून बघा. रस्त्यावर नाही.

जोडणी करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. वायर मधोमध कापू नका, मूळ स्विचला समांतर जोडा, म्हणजे किट बसलं तरी किल्लीने गाडी सुरू होईल. जोड सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हाने आणि हादऱ्यांनी सुटतो, आणि इथे सुटणं म्हणजे चालत्या गाडीत इंजिन बंद. किटची मुख्य वायर जिथून घ्याल तिथे जवळच फ्यूज हवा.

दारांचा भाग त्यामानाने निर्धोक. सेंट्रल लॉकिंगला निगेटिव्ह ट्रिगर (चालू करणारा सिग्नल) लागतो की पॉझिटिव्ह, एवढं मीटरने पाहून जोडा. रिमोट गाडीत असताना दारं लॉक होतात का, तेही एक काच उघडी ठेवून बघा. रिमोटचा सेल संपल्यावर आत कसं शिरायचं, याची सोय आधीच करा, दाराची किल्ली पाकिटात असू द्या. सगळं झाल्यावर गाडी अर्धा तास बंद ठेवून बॅटरीतून किती करंट जातो तो मोजा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर थोडे दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरेल.

तुमच्या जागी मी असतो तर आधी फक्त दारांचा भाग बसवला असता आणि महिनाभर वापरला असता. तरीही बटण हवंच असेल तर प्रत्येक वायरचं बंद, पहिला टप्पा, ऑन आणि सेल्फ या चारही वेळचं माप लिहून पाठवा. कुठली वायर कुठे जाते ते सांगतो. तोवर काहीही कापू नका.