तत्त्वज्ञान घेतलं तर पोरीचं पुढं काय?

बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यावं का, असं विचारत दरवर्षी कुणी ना कुणी येतं. प्रश्न बहुतेक वेळा मुलांपेक्षा पालकांचा असतो. त्यातलाच हा एक अनुभव. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सोलापुरातल्या एका छोट्या कॉलेजात एफ.वाय. संपवून आलेली. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. मुलीला मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून तत्त्वज्ञान हवं होतं. वर्गात मोजकीच मुलं, शिकवायला एकटे सर. वडिलांनी बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, वर्गात पोरंच नाहीत, मग या विषयाला किंमत काय असंल?"

मी मुलीची वही मागितली. मूल विषयात किती उतरलंय ते मार्कांपेक्षा वहीत जास्त कळतं. प्रत्यक्ष दिसेल तेवढंच खरं मानणाऱ्या चार्वाकांच्या पानावर समासात तिनं लिहिलं होतं, 'धूर दिसला म्हणून अग्नी आहे म्हणायचं, तर सगळीकडचा, सगळ्या काळातला धूर पाहिलाय कुणी?' चार्वाक अनुमानावर विश्वास का ठेवत नाहीत, त्याचं मर्मच तिनं पकडलं होतं. म्हटलं, हे पप्पांना त्यांच्या कामातून सांग. ती जरा अडखळली.

"पप्पा, आडवा धागा तुटला की माग थांबतो ना? मग माग थांबलेला दिसला, तर धागाच तुटलाय म्हणायचं का?"

"छे! लाइट गेली तरी थांबतो की."

"तेच. नुसतं थांबलेलं बघून कारण सांगता येत नाही."

वडील लेकीकडे बघतच राहिले. मला या विषयाबद्दल जे सांगायचं होतं, त्यातलं निम्मं तिथंच सांगून झालं होतं.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. नुसत्या बी.ए.वर नोकरी सहजी मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. ते इतिहासाला आणि मराठीलाही लागू आहे. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं, आणि युक्तिवाद तपासायची सवय तिथं रोज उपयोगी पडते. यूपीएससी मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा 500 मार्कांचा वैकल्पिक विषय आहे, शिवाय नीतिशास्त्राचा 250 मार्कांचा पेपर सगळ्यांनाच असतो. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए., मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. पण प्राध्यापकाच्या जागा फार थोड्या निघतात, एकट्या त्या भरवशावर राहू नये.

निंबाळचे संत गुरुदेव रानडे यांचं नाव वडील ऐकून होते. ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि पुढं तिथले कुलगुरू झाले, हे मात्र त्यांना नवीन होतं.

छोट्या वर्गाची त्यांना भीती वाटत होती, मला तर तोच तिचा फायदा वाटतो. भरलेल्या वर्गात कुठले सर प्रत्येकाचा निबंध वाचून, खुणा करून परत देणार? इथं ते होऊ शकतं, फक्त तिनं मागायला हवं. मी तिला सांगितलं, दर पंधरा दिवसांनी एक निबंध लिहून सरांना दाखव, आणि मतभेद असेल तर तोंडावर मांड. कच्ची बाजू इंग्रजी वाचनाची. पुढची बरीच पुस्तकं इंग्रजीतच आहेत, तेव्हा रोज दोन पानं, डिक्शनरी शेजारी ठेवून.

वडिलांनी एकच अट घातली, शेवटच्या वर्षी लॉची सीईटी द्यायचीच. मुलगी लगेच हो म्हणाली.